यंदाची जागा

माझं अक्षर चांगलं आहे. प्रौढी मिरवायला सांगत नाही. त्या अक्षराचा पुढं मलाच इतका राग आला, की आधी तेवढं सांगून मोकळी होते. ट्रेनिंग कॉलेजात फळ्यावरचा सुविचार लिहायचा तो मीच, मैत्रिणींच्या लग्नपत्रिकांवर पत्ते घालायचे तेही मीच. डहाणूच्या खाडीपलीकडं मांगेल्या मच्छीमारांच्या एका पाड्यावर माझी पहिली नेमणूक झाली, आणि आठवड्याभरात तिथं बोलबाला झाला की नव्या बाईचं अक्षर छापल्यासारखं आहे. वाचता येणारी माणसं पाड्यावर चार-पाचच होती, पण कौतुक सगळ्यांनी केलं.

ते पसरवलं होतं जमनाबायनं. तिच्याच घराच्या मागच्या खोलीत मी राहायचे. मी साताऱ्याकडची, समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. जूनमध्ये ट्रंक घेऊन उतरले तेव्हा वासानं माझा जीव नुसता कासावीस झाला. नाकाला पदर लावून दारात उभी राहिले, तर आतून ही ठेंगणी, रुंद बाई बाहेर आली. पन्नाशीची असेल. काष्टा गुडघ्यापर्यंत, तोंडात तंबाखूची चिमूट. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "लुगड्यानं वास आडत नाय, बाई. वास हाय तवर घास हाय." आणि माझी ट्रंक एका हातानं उचलून आत नेऊन ठेवली.

तिनं मला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही. मामलेदाराला नाही, फौजदारालाही नाही. तिच्या जगात 'तुम्ही' म्हणायच्या लायकीचा एक दर्याच होता, आणि त्यालाही ती रागावली की अरे-तुरे करायची. नवरा होता, पण तो असून नसल्यासारखा. दिवसभर पडवीत जाळं विणत बसायचा आणि बायको काही बोलली की न ऐकताच मान डोलवायचा. "माजा धनी लय शाना," ती म्हणायची, "तीस वरसात एकदा बी चुकीचं बोलला नाय. बोललाच नाय तर चुकंल कुटं?"

तिच्यासारखी चाल मी इतर कुणाची पाहिली नाही. चालताना पायाची बोटं जमीन चाचपत जायची. वाटेत कुठं खळगा लागला की ती थांबायची, टाचेनं आजूबाजूची माती आत लोटायची, दोनदा दाबायची आणि पुढं निघायची. बोलणं चालू असलं तर तेही तुटायचं नाही. मला वाटायचं, म्हातारपणाची खोड आहे. त्या खोडीचा अर्थ मला कळला तेव्हा उशीर झाला होता.

शाळेच्या पुढं समुद्राला लागून एक मोठा माळ होता. मी आले तेव्हा पाऊस लागला होता, माळावर घोट्याएवढं गवत उगवलेलं, आणि त्यावर पाड्याची आणि आतल्या गावांची गुरं चरत असायची. सपाट, स्वच्छ, एक दगड दिसेल तर शपथ. माझ्या खोलीच्या माळ्यावर, बरोबर माझ्या अंथरुणाच्या वर, पन्नासेक बांबू आणि जाड खांब रचून ठेवले होते. रात्री पाली त्यांच्यातून सरसरत जायच्या. ते खांब कशाचे, हे मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारलं असतं तर काय जीभ झडणार होती?

आषाढातल्या एका उघडिपीला मोजणीदार आला. बरोबर साखळी धरणारे दोघे आणि एक शिपाई. कारकून तापानं आडवा झालेला, म्हणून मोजणीदार शाळेच्या ओसरीवर येऊन मला म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे. पंचनामा लिहून द्याल का?" मी हुरळले. मुलांना पाढे म्हणायला लावून दौत-टाक घेऊन माळावर गेले. जमनाबाय आणि पाड्यावरच्या दहा-अकरा बाया जमल्याच होत्या. पुरुष कुडाला माती लिंपत होते, त्यांना त्यात रस नव्हता. माळ हा बायांचा विषय होता.

मोजणीदार भला माणूस होता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. त्यानं घाई केली नाही, आवाज चढवला नाही. एकेका बाईला समोर बोलावून विचारलं, "ही जागा तुझी का?"

"नाय," पहिली म्हणाली.

"मग तुझी?"

"नाय रे बाबा. माजी नाय."

तिसरीनं तर कानाला हात लावला. अकराच्या अकरा जणींनी तेच सांगितलं, आणि सांगताना अशा घाईनं सांगितलं की जणू चोरीचा आळ येत होता. शेवटी त्यानं जमनाबायला विचारलं, "मग कुणाची?"

"कोनाची नाय. दर्याची."

सगळ्या हसल्या. मोजणीदारही हसला. "बरं, तुम्ही इथं काही करता का?"

"आता?" जमनाबायनं आभाळाकडं बोट दाखवलं. "पावसात कोन काय करतंय?"

मोजणीदारानं सांगितलं, मी लिहिलं. सदरहू जागा गवताळ व पडीत असून तीवर कोणाचाही कब्जा अगर वहिवाट आढळून येत नाही, पंचांस विचारता त्यांनी जागेवर हक्क सांगितला नाही. 'वहिवाट'मधला 'ट' मला फार सुरेख साधला होता, तो अजून डोळ्यांपुढं आहे. खाली अंगठे उठले. पहिला जमनाबायचा. तिनं अंगठा पदराला पुसला आणि मग ऐटीत टेकवला. जाताना तिनं मोजणीदाराला चहा पाजला आणि सुक्या बोंबलांच्या दोन जुड्या केळीच्या पानात बांधून दिल्या. "घरी ने. बायकोला सांग, आधी भाज, मग कूट." तो खूश होऊन गेला. मीही खूश झाले. माझ्या हातचा पहिला सरकारी कागद!

नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या, आणि पाऊस ओसरल्यावर एके सकाळी जमनाबाय माझ्या खोलीत शिडी घेऊन आली. माळ्यावरचे खांब खाली निघाले. घराघरांतून खांब निघाले. दोन दिवसांत तो माझा गवताळ, पडीत माळ खांबांनी भरून गेला. खांबांना आडवे बांबू, बांबूंना दोर. याला तिथं वलांडी म्हणतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. चार दिवसांनी मी शाळेच्या दारात उभी राहिले तर समुद्रापर्यंत नुसते बोंबीलच बोंबील लोंबत होते, आणि खाली बाया वाकून उभ्या. सगळ्या पाड्याचं वर्षाचं पोट त्या माळावर वाऱ्याला लावलेलं होतं.

हे सगळं जमनाबाय चालवायची. जागा कुणाची ठरलेली नसे. समुद्राच्या कडेला वारा चांगला, तिथं मासळी दोन दिवस लवकर सुकते, खाडीकडं दमट. म्हणून दर वर्षी जागा फिरायच्या. यंदा कडेला असलेली पुढच्या वर्षी एक ओळ मागं, आणि खाडीकडची शेवटली एकदम पुढं. कुठल्या साली कोण कुठं होती ते जमनाबायला तोंडपाठ. भांडण झालं की ती डोळे मिटायची, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची आणि म्हणायची, "तुजी सासू जिती होती त्या वरसाला तू तिसऱ्या वळीत. जा गुमान." एकदा एकीचा नवरा दर्यात गेला आणि परत आला नाही. ती शेवटच्या ओळीत होती. त्याचे दिवस घातले, आणि जमनाबायनं काही न बोलता स्वतःचे खांब कडेवरून उपटले आणि खाडीकडं नेऊन रोवले. ती विधवा रडायला लागली तर तिच्यावरच खेकसली, "रडतेस काय? मिठाचं पानी नको, वारा पायजे मासळीला. लाव."

आणि एक नियम होता. त्या माळावर 'माझी जागा' असं कुणी म्हणायचं नाही. म्हणायचं 'यंदाची जागा'. जागा आपली म्हटली की मासळीत किडा पडतो, असं त्यांचं पक्कं मत. एखादी नवी सून चुकून बोलून गेलीच, तर जमनाबाय जिथं असेल तिथून ओरडायची, "घे, तोंडावर घे!" आणि त्या पोरीला दोन बोटं स्वतःच्या ओठांवर दोनदा मारून घ्यावी लागायची. मग सगळ्या हसायच्या आणि कामाला लागायच्या.

दुसरा नियम मृगाचा. मृग लागायच्या आत माळ मोकळा करायचा. खांब उपटायचे, आणि प्रत्येक खड्डा मातीनं भरून, टाचेनं दाबून, त्यावर वाळू टाकायची. पावसाळ्यात तिथं गुरं येतात, खड्ड्यात गाईचा पाय गेला तर मोडतो. "आठ महिने दर्यानं आपल्याला दिला, चार महिने गुरांना द्यायचा. घेतला तसा द्यायचा." सगळ्या गेल्या की जमनाबाय एकटी माळभर अनवाणी हिंडायची आणि बोटांनी चाचपून कच्चा राहिलेला खड्डा हुडकायची. माझ्या मोजणीदाराला माळावर एकही खूण दिसली नाही, ती या बाईच्या टाचांमुळं.

मी तिला जाऊन सांगितलं. नाही असं नाही. "जमनाबाय, त्या कागदावर मी लिहिलंय की इथं कुणी काही करत नाही."

ती बोंबील अडकवत होती. "मग?"

"मग उद्या कुणी ती जागा घेतली तर?"

"घेईल आन् काय करील? माती खाईल?" तिनं दोरावर जोडी टाकली. "कागदानं मासळी सुकत नाय बाई, आन् कागदानं दर्या आटत नाय."

एवढ्यावर मी गप्प बसले. अर्ज करायचा, कचेरीत जायचं, चूक कबूल करायची, एवढं धैर्य मला नव्हतं. वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली, काही झालं नाही. मी मनाला समजावलं की सरकारी कागद, पडला असेल कुठं तरी धूळ खात.

या काळात मी तिच्याबरोबर एकदा सायवनला गेले. वलांडीचे बांबू सायवनच्या डोंगरातून यायचे. लखमा म्हणून तिथला एक शेतकरी होता, भात-नागली पिकवणारा. कार्तिकात तो बैलगाडीतून बांबू आणायचा आणि जमनाबाय मृगाच्या तोंडावर सुक्या मासळीच्या टोपल्या त्याच्या घरी पोचवायची. मोजदाद दोघांनी कधी केली नाही. लखमाची बायको माझ्यासमोर म्हणाली, "आमच्या पोरांना दर्या कसा असतो ठावं नाय, पन त्याची चव ठावं हाय." जमनाबायनं तिच्या अंगणातला एक खळगा येता-येता बुजवला. लखमा हसून म्हणाला, "हिला डोंगर बी सपाट करून पायजे."

मग दगड आले. वैशाखात मुंबईहून दोघे-तिघे आले, नकाशा पसरला, आणि वलांडीच्या खांबांमधून चुन्यानं रंगवलेले चोवीस दगड रोवून गेले. प्रत्येकावर आकडा. बरोबरचा दलाल अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलायचा. जमनाबायला म्हणाला, "बेन, आ जग्या अमारी छे. बंगले बनणार."

"बनव ना," ती म्हणाली. तिला वाटलं, बंगला म्हणजे यांची वलांडी असेल. ओळीत पाळी आली की तीही लागेल.

मृग आला. बायांनी खांब उपटले, खड्डे भरले. आणि जमनाबायच्या सांगण्यावरून ते चोवीस दगडही उपटले! पाण्यानं धुतले, शाळेच्या भिंतीला आकड्यांप्रमाणे लावून ठेवायचे म्हणून मला आकडे विचारले, आणि ओळीनं मांडले. चोवीसच्या चोवीस खड्डे टाचेनं बुजवले. मी थांबवायला हवं होतं. पण खरं सांगू, दगड निघताना बघून मला आतून बरं वाटत होतं.

आठ दिवसांत दलाल हवालदाराला घेऊन आला. सरकारी मोजणीच्या खुणा उखडल्या म्हणजे गुन्हा. हवालदार दरडावून म्हणाला, "दगड कुणी काढले?"

"मी," जमनाबाय म्हणाली आणि दलालाकडं वळली. "पावसात खड्डा ठेवायचा नसतो, येवढं बी ठावं नाय? तुजे दगड हायेत तिकडं, धुवून ठेवलेत. नारळी पुनवेनंतर ये, आमी लावून देतो. यंदा तुमी नवे, म्हंजी खाडीकडनं सुरुवात."

हवालदाराला हसू आवरेना. दलालाला मात्र ते काही कळलं नाही. त्यानं कचेरीत अर्ज केला, आणि जमनाबायला बोलावणं आलं. तिनं मला बरोबर नेलं, वाचायला.

कचेरीतल्या अधिकाऱ्यानं जुनं दप्तर उघडलं आणि एक कागद टेबलावर सरकवला. "जागा सरकारी पडीत म्हणून नोंदलेली आहे. लिलावात रीतसर गेली. तुम्ही स्वतःच सांगितलंय. वाचा बाई." मी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत 'वहिवाट' शब्द आला. मी कागद खाली ठेवला.

जमनाबायला वाचता येत नव्हतं, पण पाड्यावरचं प्रत्येक पत्र मी लिहीत होते आणि ती शेजारी बसून बघत होती. तिनं वाकून कागदाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"हे अक्षर तुजं."

मी मान हलवली. तिनं खालच्या अंगठ्यांवरून बोट फिरवलं आणि पहिल्यावर थांबवलं. "आन् हा माजा."

खाडीपर्यंत आम्ही दोघी चालत आलो. मला वाटत होतं, हिनं मला एक थोबाडीत द्यावी, शिव्या घालाव्या, काहीही करावं. तरीची होडी लागते त्या काठावर मी म्हणाले, "जमनाबाय, चुकले गं मी." ती काष्टा वर खोचत म्हणाली, "तू कुटं खोटं लिवलंस? आमी बोललो तेच लिवलंस." आणि पाण्यात उतरून तिनं मला हात दिला. त्या दिवसापासून मी स्वतःला माफ केलेलं नाही. तिनं शिवी दिली असती तर कदाचित केलं असतं.

पुढच्या चार-पाच वर्षांत माळ गेला. एका एका दगडाभोवती भिंत आली, भिंतीला फाटक आलं, फाटकावर नावाची पाटी आली. सुरूची झाडं लावली गेली. समुद्राकडं जायची सरळ वाट बंद झाली आणि बायांना डोक्यावर टोपली घेऊन पाव मैलाचा वळसा पडायला लागला. बंगलेवाले वर्षातून पंधरा दिवस यायचे. उरलेले दिवस बंगला राखायला पाड्यावरचेच बाप्ये राहिले, खाकी सदरा घालून. मोठ्या होडीवर खलाशांचा मुख्य, तांडेल, असलेला माणूस फाटकापाशी स्टुलावर बसून बिडी ओढताना मी पाहिला आहे. त्याच्या बायकोनं मला सांगितलं, "पगार हाय बाई, पन घरी आला की बोलत नाय." पाड्याची विहीर एप्रिलातच तळाला जायला लागली, कारण बंगल्यांच्या विहिरींवर पंप बसले. शाळेतली पोरं खेळताना मोटार-मोटार खेळायची, होडी-होडी बंद झालं. लखमाची गाडी एका कार्तिकात आली ती बांबू तशीच घेऊन परत गेली. पुढं तो स्वतः बंगल्यांच्या पायाला दगड फोडायला आला. जमनाबाय त्याला दुपारी भाकर नेऊन द्यायची. दोघं भिंतीच्या सावलीत बसायची.

उरली ती खाडीकडची एक चिंचोळी पट्टी. सगळ्यात दमट, पूर्वी शेवटच्या ओळीची. तिथं साऱ्या पाड्याच्या वलांड्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. लगेच वासाची तक्रार सुरू झाली. दादरहून येणाऱ्या एक वहिनी होत्या, मनानं वाईट नव्हत्या. जमनाबाय त्यांच्या अंगणात झाडायला जायची. वहिनी नाकाला रुमाल लावून म्हणायच्या, "जमनाबाई, अहो तेवढं ते लांब कुठं तरी वाळवा ना!" आणि निघताना म्हणायच्या, "बोंबील मात्र चांगले चार डझन द्या हं." जमनाबाय मला सांगताना हसली. "हिला घास पायजे, वास नको." एवढं म्हणून ती गप्प झाली. ती असं बोलून गप्प होणारी बाई नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही थकली आहे.

दोन राज्यं वेगळी झाली त्याच्या पुढच्या साली माझी बदली तलासरीला झाली. तिथंही हमरस्त्याच्या कडेनं दगड रोवणं सुरू होतंच. राज्याच्या हद्दीवर अच्छाडला तपासणी नाका बसला, ट्रकांची रांग लागायची, भाताच्या खाचरांत ढाबे उभे राहिले. चुन्याचा दगड दिसला की माझी नजर आपोआप खड्ड्याकडं जायची.

एका आषाढात तलासरीच्या बाजारात सुकट विकणारी एक बाई मला हुडकत शाळेत आली. "जमनाबायनं सांगितलंय, पट्टीची मोजनी हाय. तू ये. टाक घेऊन ये." मी रजा टाकली आणि पहिली एस.टी. धरली.

पाऊस झोडपत होता. पट्टीवर गवत उगवलेलं, आणि पट्टीच्या मधोमध एक खांब उभा होता. एकच. त्याला आडवा बांबू आणि बांबूवरून लोंबणारा रिकामा दोर. मला आधी कळेना, मृग होऊन महिना उलटला आणि हा खांब कसा राहिला? मग इरलं पांघरून खांबाला पाठ लावून बसलेली जमनाबाय दिसली. आयुष्यभर माळ टाचेनं सारखा करणाऱ्या बाईनं या वर्षी आपला खांब काढला नव्हता. बाकीच्या बाया लांब उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर भीती होती.

मोजणीदार नवा होता, तरुण. कारकून छत्री धरून मागं. त्यानं तोच प्रश्न विचारला. "आजी, ही जागा कुणाची?"

जमनाबाय उठून उभी राहिली. तिनं समुद्राकडं बघितलं, बायांकडं बघितलं. बाया मान हलवत होत्या, नको, नको म्हणून. तिचे ओठ दोनदा हलले आणि शब्द बाहेर आला नाही. तिसऱ्यांदा आला.

"माजी."

म्हणाली, आणि लगेच दोन बोटं ओठांवर मारून घेतली. एकदा, दोनदा. फाडकन आवाज आला इतक्या जोरात. मग माझ्याकडं वळली. "बाई, तू लिव. त्याला समजायचं नाय. लिव, जागा जमनाबायची, आन् ती या सगळ्या बायांना देती. दर वरसाला."

त्या पोरानं, देव त्याचं भलं करो, कारकुनाच्या हातातला कागद काढून माझ्यापुढं धरला. मी लिहिलं. पावसाचा एक थेंब पडून 'वहिवाट'चा 'ट' फुटला, तसाच ठेवला. पट्टी राहिली. पुढं वाचली की नाही ते मला ठाऊक नाही, पण त्या खेपेला राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम पाड्यावर गेले. पट्टीवर वलांड्या लागल्या होत्या, बोंबील लोंबत होते, बाया एकमेकींवर ओरडत होत्या. जमनाबाय मात्र आत नव्हती. पट्टीच्या बाहेर, अगदी कडेला लागून, एका दगडावर ती बसली होती. हात मोकळे. तिच्या हातात काही नाही असं मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिथून ती सांगत होती, "ती वळ वाऱ्याकडं वढ. तुजी यंदा तिसरी, पुडं नको सरकू."

"तुझे खांब कुठले गं?" मी विचारलं.

"नाय लावले."

"का?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की एवढं शिकून ही अशी कशी. "माजी म्हनले ना मी. माजी मासळी आता तितं कशी टिकंल? माज्यामुळं साऱ्यांच्या मासळीत किडा पडंल." आणि मग हळूच म्हणाली, "कोनीतरी म्हनायचंच होतं. मी म्हातारी. माजं काय, घास-दोन घास."

मी तिचा हात धरला, म्हटलं, "चल, आत जाऊन नुसती बस तरी. बाया बोलावतायत."

"नको बाई," ती म्हणाली. पट्टीच्या कडेवर तिच्या पायाशी एक लहानसा खळगा होता. तिनं सवयीनं टाच पुढं केली, मग थांबली, आणि पाय मागं घेऊन लुगड्याखाली ओढून घेतले. "तू बुजव," मला म्हणाली. मी चप्पल काढली आणि टाचेनं माती आत लोटली. दोनदा दाबली. ती वाकून बघत होती, नीट बसली की नाही.